गार्चिंगचे शिरी

जर्मन लोकांना शिरगुप्पे हे आडनाव झेपायचं नाही. पहिल्या दोन अक्षरांशी ते थांबायचे आणि 'शिरी' म्हणून मोकळे व्हायचे. गंमत अशी, की मैदानावरच्या पंचाला जर्मनमध्ये लाडानं, आणि बहुतेक वेळा रागानं, 'शिरी'च म्हणतात. त्यामुळे गार्चिंगच्या मैदानावर कुणी "शिरी!" म्हणून ओरडलं की खरा पंच आणि आमचे शिरगुप्पेकाका, दोघेही मान वळवायचे.

एकदा पाहुण्या संघाचा प्रशिक्षक तावातावानं काकांपाशी आला आणि आपल्यावर कसा अन्याय झाला ते सांगू लागला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत मान डोलावली आणि शेवटी डबा उघडून त्याच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. तो गृहस्थ तिखटानं डोळे पुसत, पण शांत होऊन परत गेला.

"काका, तुम्ही पंच नाही हे सांगितलं का नाही त्याला?" मी विचारलं.

"कशाला? त्याला ऐकणारा माणूस पाहिजे होता की. खऱ्या पंचाला कुठं वेळ असतोय?"

काका मूळचे इचलकरंजीचे. म्युनिकमधल्या मोटारींच्या एका कंपनीत ते ब्रेकवर काम करायचे आणि शेजारच्या गार्चिंगला राहायचे. पण ब्रेकविषयी ते दोन वाक्यांच्या वर कधी बोलले नाहीत. ते बोलायचे तिथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाविषयी. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून पाडायचं, तो हा खेळ. काकूंना त्यांनी तो एका वाक्यात समजावला होता, "कबड्डीच आहे, फक्त श्वास घ्यायची परवानगी आहे." जर्मनीत तो हौशी लोकांचा खेळ. अमेरिकेतल्यासारख्या शिष्यवृत्त्या नाहीत, भरलेली स्टेडियम नाहीत. विद्यार्थी खेळतात, त्यांचे मित्र टाळ्या वाजवतात आणि आया केकचा स्टॉल मांडतात. या संघासाठी खेळाडू शोधून आणायचे हे काकांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम होतं.

मी तेव्हा गार्चिंगला पीएचडी करत होते. गणपतीच्या एका कार्यक्रमात कुणीतरी ओळख करून दिली. मी प्रयोगशाळेत कॅमेऱ्यांवर काम करते हे कळताच काकांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे आमच्या मॅचचं शूटिंग तुम्ही करू शकताय की ओ, डॉक्टरीणबाई."

मी हसून विषय टाळला. पुढच्या रविवारी काका-काकू थालीपिठं घेऊन माझ्या खोलीवर आले. त्या वेळी माझा नाशिकला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. काकांनी "जरा द्या बघू" म्हणून फोन घेतला.

"नमस्कार वहिनी. मी शिरगुप्पे. तुमच्या मुलीला आमच्याकडं मॅचचं शूटिंग करायला बोलवायचं म्हणतोय. थंडीत उभं राहावं लागतंय. सर्दी हमखास होणार. रविवार जाणार. खेळ तिला आवडंलच असं नाही."

"मग चांगलं काय आहे त्यात?" आईनं विचारलं.

"चांगलं असं की परक्या गावात तिला नावानं ओळखणारी पाच-पन्नास माणसं होतील."

आई म्हणाली, "जाईल ती." मला कुणी विचारलंच नाही! आणि मी जी गेले, ती पीएचडी संपेपर्यंत तिथेच राहिले.

त्यांची पद्धतच ती होती. आधी आईला गाठायचं आणि तिला आधी वाईट बातमी सांगायची. चांगली बातमी काय, पोरगं स्वतःच सांगतं घरी, असं ते म्हणायचे.

ही पद्धत ते अमेरिकेत शिकले होते. इंजिनिअरिंग झाल्यावर ते तिकडच्या एका मोठ्या विद्यापीठात शिकायला गेले आणि फुटबॉल संघाच्या कार्यालयात फुटकळ कामं करू लागले. तिथे एक वयस्कर सहायक प्रशिक्षक होते. ते गाडी काढून आपल्याच राज्यातली गावं पालथी घालायचे, शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसायचे, पोरं निवडायचे. गाडीत सोबत म्हणून काकांना घ्यायचे. मग नवा मुख्य प्रशिक्षक आला. तो विमानानं देशभर फिरायचा. फ्लोरिडातून, कॅलिफोर्नियातून नामवंत मुलं यायला लागली आणि त्या म्हाताऱ्याला घरी बसावं लागलं.

"मग पुढे? हरले ना ते?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"छे! जिंकले की. चांगले जिंकले." काका प्रामाणिकपणे म्हणाले. "पण स्टेडियममधनं बाहेर पडताना पोरांना मिठी मारायला कोण नसायचं. एकेकटी बसमध्ये चढायची. ते काय मला बघवायचं नाही."

यातूनच त्यांचा नियम तयार झाला होता: ज्याची आई मॅचला येऊन संध्याकाळी आपल्या घरी परत जाऊ शकते, तो आपला खेळाडू. नकाशावर रेघ मारायची तर उत्तरेला हॉप्सच्या मळ्यांपर्यंत, दक्षिणेला डोंगर सुरू होतात तिथपर्यंत. त्यापलीकडचा मुलगा कितीही चांगला असला तरी ते हात जोडायचे.

कोर्बिनियान हा त्यांचा सगळ्यात आवडता शोध. उत्तरेला, फ्रायझिंगच्या पुढे एका खेड्यात त्याच्या घरचे हॉप्सचे मळे होते. बिअरला कडवटपणा देणारा हा वेल उंच तारांवर चढवलेला असतो. मुलगा दाराच्या चौकटीएवढा रुंद. आबिटुअर, म्हणजे आपली बारावी, झालेली आणि गार्चिंगला इंजिनिअरिंगला नाव घातलेलं. काका मला आणि कॅमेऱ्याला घेऊन त्याच्या घरी गेले. आई रोझी दारातच म्हणाली, "खेळायला मी पाठवणार नाही. येताय तर कॉफी प्या."

काकांनी कॉफी घेतली आणि खांदे कसे निखळतात, गुडघे कसे जातात, याचं असं वर्णन केलं की मीच घाबरले. मग म्हणाले, "पत्ते आहेत का घरात?"

बव्हेरियात शाफकोफ्फ नावाचा पत्त्यांचा खेळ घरोघर चालतो. बाहेरच्या माणसाला तो समजत नाही. काकांना यायचा. रोझी, तिचा नवरा, कोर्बिनियान आणि काका असे चौघे बसले. काका स्वतःच्या पत्त्यांकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघत होते. कोर्बिनियान एकामागून एक डाव हरला. प्रत्येक वेळी तो मोठ्यांदा हसायचा आणि न सांगता पत्ते गोळा करून पिसायला घ्यायचा.

परतताना काका खुशीत होते. "हरताना तोंड कसं होतंय ते बघायचं असतंय. पळायला काय, कुणीबी शिकवंल."

रोझीचा एकच मुद्दा उरला होता. सप्टेंबरात हॉप्सची काढणी असते, तेव्हा मुलगा मळ्यात हवा. काका म्हणाले, "मग सप्टेंबरात आम्हीही मळ्यात." नुसतं म्हणाले नाहीत. एका शनिवारी त्यांनी अख्खा संघ गाड्यांत घालून खेड्यावर नेला. ती दांडगी मुलं दिवसभर वेल ओढून ट्रॉलीत भरत होती. हात खरचटले, गळ्यावर ओरखडे उठले. संध्याकाळी रोझीनं अंगणात लांब टेबलं मांडून सगळ्यांना जेवू घातलं. पुढच्या मॅचला केकच्या स्टॉलमागे ती उभी होती.

संघाचा मुख्य प्रशिक्षक थोर्स्टन हा मात्र वेगळ्या विचाराचा. तो स्वतः बर्लिनचा, तरुण, हुशार आणि सतत हरण्याला कंटाळलेला. एका वाईट हंगामानंतर त्यानं बैठक घेतली. हाम्बुर्ग, बर्लिन, श्टुटगार्ट इथल्या कुमार संघांतून तयार झालेली मुलं गार्चिंगला शिकायला आणायची, असं त्याचं म्हणणं होतं. विद्यापीठाचं नाव मोठं आहे, ती येतील.

"आल्झो, तर मग, शिरी," तो म्हणाला, "तुमची मुलं गोड आहेत. पण चेंडू फेकणारा एकही नाही. तुमच्या त्या वर्तुळात क्वार्टरबॅक जन्मालाच येत नाही, त्याला मी काय करू?"

"घडवू की," काका म्हणाले.

"तोपर्यंत आपण लीगमध्ये राहणार आहोत का?"

काकांनी बरंच सांगून बघितलं. म्युनिकमध्ये खोली मिळत नाही, ती मुलं राहणार कुठे? पहिला हिवाळा कुणाच्या आधारानं काढणार? मतदान झालं आणि काका हरले. त्यांच्या बाजूनं कोर्बिनियानचा हात वर होता आणि मताचा अधिकार नसलेला माझा. काकांनी भडंगाचा डबा सगळ्यांपुढे फिरवला आणि घरी गेले.

मला वाटलं, आता काका यातून अंग काढून घेणार. पण हाम्बुर्गहून लेनार्ट नावाचा क्वार्टरबॅक आला, तेव्हा हाउप्टबानहोफवर, म्हणजे म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर, त्याला घ्यायला काकाच उभे होते. लेनार्टला खोली मिळालेली नव्हतीच. काकांची मुलगी ईशा आखेनला शिकायला गेली होती, तिची खोली रिकामी होती. लेनार्ट तिथे राहिला तो राहिलाच. लांब, गोरा, अबोल मुलगा. पहिल्या आठवड्यात तो जेवायला खाली यायलाही संकोचायचा. नंतर "फ्राऊ काकू, अजून एक आहे का?" असं विचारत तव्याजवळ उभा राहायला लागला.

काका त्याच्यासाठी इतकं का करतात, हे मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी चकल्या पाडत होतो.

"अगं, हे स्वतः असेच गेले होते ना. सांगलीला कॉलेजात असताना कबड्डीत यांचं नाव झालं. मुंबईच्या एका संघानं उचलून नेलं. मोठा संघ, सगळीकडून आणलेले खेळाडू. यांना मैदानावर उतरवलंच नाही फारसं. एका खोलीत सगळे दाटीवाटीनं राहायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. वर्षभरात परत आले. सासूबाई म्हणायच्या, माझ्या पोराचा एक खेळ बघायचा होता मला. हे घराजवळ खेळायचे तेव्हा त्यांना वेळ झाला नाही, आणि मग हे लांब गेले. नंतर तर अमेरिकेलाच. राहूनच गेलं ते."

तेवढ्यात काका स्वयंपाकघरात आले. काकू पुढची चकली पाडायला लागल्या. काकांनी एक गरम चकली उचलली, फुंकर मारली आणि विचारलं, "लेनार्टला ठेवल्यात का?"

लेनार्ट खरोखरच चांगला होता. चेंडू त्याच्या हातातून सुटला की भोवरा फिरावा तसा गरगरत थेट पळणाऱ्याच्या ओंजळीत जायचा. त्याच्यापुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्यांत कोर्बिनियान होता. दोघांचं बोलणं जेमतेम. एक उत्तरेचा, एक बव्हेरियाचा, एकाचं दुसऱ्याला अर्धंच कळायचं. पण संघ जिंकायला लागला. काका प्रत्येक विजयानंतर थोर्स्टनला जाऊन सांगायचे, "तुझं बरोबर होतं." तेही मनापासून, एवढंसुद्धा तोंड वाकडं न करता.

मग मे महिन्यातली ती मॅच आली. ऊन छान होतं, पण रात्रीच्या पावसानं मैदान ओलं होतं. मी उंचावरून शूटिंग करत होते. कोर्बिनियानचा पाय घसरला, भिंतीत एक खिंडार पडलं आणि समोरचा धिप्पाड गडी त्यातून थेट लेनार्टवर आदळला. लेनार्ट उठला नाही. मी कॅमेरा तसाच सोडून खाली पळाले.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सकाळी ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये थोर्स्टन येरझाऱ्या घालत होता. कोर्बिनियान चिखलाच्या कपड्यांनिशी भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि कुणाकडे बघत नव्हता. लेनार्टची आई हाम्बुर्गला नर्स, ड्युटीवर. दुसऱ्या दिवसाआधी ती पोहोचणं शक्य नव्हतं. काका खोलीत लेनार्टच्या उशाशी बसले होते. मुलगा रडत नव्हता. खेळाडू उन्हासाठी डोळ्यांखाली काळा रंग लावतात, तो घामानं गालांवर ओघळला होता. काकांनी त्याचा चांगला हात धरला होता.

इतक्यात कॉरिडॉरमधून रोझी आली. एका हातात केकचा उरलेला ट्रे. तिनं आधी आपल्या लेकाकडे बघितलं. "उठ. तोंड धू," एवढंच म्हणाली, ट्रे त्याच्या शेजारी ठेवला आणि सरळ खोलीत गेली. नळावर टॉवेल ओला केला, काकांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि लेनार्टचे गाल पुसायला लागली. हळूहळू, कडेकडेनं, लहान मुलाचं पुसावं तसं. तेव्हा तो रडला.

मग रोझीनं त्याच्या आईला फोन लावायला लावला आणि स्पीकर चालू केला. अडचण अशी झाली की रोझीची अस्सल बव्हेरियन बोली तिकडे हाम्बुर्गला काही केल्या कळेना. दोन वेळा "काय म्हणालात?" झालं. तेव्हा काका पुढे वाकले आणि सांगायला लागले, "त्या म्हणतायत, मी उद्या तुम्ही येईपर्यंत इथून हलणार नाही. त्या म्हणतायत, त्याला ताप नाही. त्या विचारतायत, त्याला रात्री दिवा लागतो का चालू?"

एका जर्मन आईचं बोलणं दुसऱ्या जर्मन आईला इचलकरंजीचा माणूस समजावून सांगत होता. लेनार्टला रडता रडता हसू फुटलं. "आई, मी वीस वर्षांचा आहे," तो म्हणाला. दिवा लागतो का, याचं उत्तर मात्र त्यानं दिलं नाही. ते त्याच्या आईनं दिलं. लागतो.

बाहेर आल्यावर थोर्स्टननं काकांना गाठलं. "बोला आता, शिरी. 'मी आधीच सांगितलं होतं' असं बोला. मी ऐकून घेतो."

काकांनी काचेतून आत बघितलं. रोझीनं खुर्ची पलंगाला आणखी चिकटवली होती.

"नाही रे," ते त्याला जर्मनमध्ये म्हणाले, "माझाच हिशेब चुकला होता." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पोरगं कुठलंबी असू दे. आया तेवढ्या जवळच्या पाहिजेत."

मी ते थोर्स्टनला जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या हंगामापासून दोघं बरोबर फिरू लागले. थोर्स्टन देशभरातून मुलं शोधायचा आणि काका त्या प्रत्येकासाठी आसपासच्या गावात एक घर शोधायचे, जिथे रविवारी त्यानं जेवायला जायचं. लेनार्टची आई हाम्बुर्गला परतण्याआधी रोझीच्या मळ्यावर राहून आली. बाहेरून आलेली काही मुलं तरीही सोडून गेली, काही टिकली. संघ फार मोठं काही जिंकला नाही, पण लीगमधून खालीही गेला नाही. लेनार्टचं हाड जुळलं आणि शिक्षण संपेपर्यंत तो ईशाच्या खोलीतच राहिला. ईशा सुट्टीत आली की कोचावर झोपायची. काकू मराठीत काहीबाही समजूत घालायच्या, ती जर्मनमध्ये कुरकुरायची आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

मी डॉक्टरेट पूर्ण करून फ्रँकफर्टला नोकरीला गेले. काका निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन लुडविग्सहाफेनला गेले. ईशा तिथल्या रसायनांच्या कारखान्यात लागली होती. मागच्या वसंतात मी त्यांना भेटायला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं नदीकडे बोट दाखवलं.

र्‍हाइनच्या काठी एका कुरणावर शाळकरी मुली खेळत होत्या. हा या खेळाचा मऊ प्रकार. कुणी कुणाला पाडायचं नाही, कमरेच्या पट्ट्याला लावलेली कापडी निशाणं ओढायची. पलीकडे कारखान्याच्या चिमण्या, इकडे घडीच्या खुर्चीवर काकू, मांडीवर पालेभाजी निवडत बसलेल्या. आणि मुलींच्या मधोमध, कमरेला पिवळी निशाणं बांधून, चेंडू छातीशी धरून, पांढऱ्या केसांचे शिरगुप्पेकाका पळत होते.

"अहो, गुडघा!" काकू ओरडल्या.

काकांनी एका मुलीला डावीकडून चकवलं, दुसरीला हूल दिली आणि तिसरीनं मागून येऊन त्यांचं निशाण खसकन ओढलं. काका गवतात बसकण मारून हसायला लागले. ती मुलगी निशाण डोक्यावर नाचवत मैदानभर पळत सुटली. कडेला उभ्या असलेल्या बायकांतल्या एकीनं जोरात टाळ्या वाजवल्या.

मी हाक मारणार होते, पण काका तोवर उठले होते. त्यांनी पॅन्टवरचं गवत झटकलं, हात पुढे करून त्या मुलीकडून आपलं निशाण परत घेतलं आणि पट्ट्याला लावता लावता म्हणाले, "नोखमाल!"

पुन्हा एकदा.